पट्टेकाकांचा चुकलेला देश

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या पट्टेकाकांनी आजवर एकही परदेश पाहिलेला नाही. पण परदेशातला कुठलाही रस्ता त्यांना दाखवा, तो कुठल्या देशातला हे ते दाढी करता करता सांगतात. दाढी करता करता म्हणजे अगदी शब्दशः. कोपऱ्यावरचा सलूनवाला त्यांच्या तोंडाला फेस फासतो, एका हातात वस्तरा धरतो आणि दुसऱ्या हाताने आपला मोबाइल त्यांच्या नाकासमोर नाचवतो.

"ओळखा काका."

"नॉर्वे."

"अहो, बघा तरी नीट! नुसता रस्ता आणि चार झाडं आहेत."

"मधली पट्टी पिवळी."

"मग अमेरिका का नाही? तिकडेही पिवळीच असते. तुम्हीच म्हणाला होतात परवा."

"तिकडे कडेची पांढरी पट्टी सलग असते. इथे कडेचीसुद्धा तुटक आहे. नॉर्वे. तू जरा कानामागे वस्तरा लाव, मागच्या वेळी तिथे जंगल सोडलं होतंस."

सलूनवाला खालचं उत्तर उघडून बघतो. नॉर्वेच असतो. मग तो बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे अशा काही ऐटीत बघतो, की जणू नॉर्वे त्यानेच वसवला आहे.

काकांना पट्टेकाका हे नाव चिकटलं ते नोकरीमुळे. नगरपालिकेच्या रस्ते विभागात त्यांनी एकतीस वर्षं रस्त्यावर पट्टे मारले. मधले पट्टे, कडेचे पट्टे, वळणाचे बाण, शाळेपुढचे झेब्रा. या गावात अशी पांढरी रेघ सापडणार नाही, जिच्यापुढे काका कधी ना कधी गुडघे टेकून बसले नाहीत. भर दुपारच्या उन्हात शेजारी रंगाची भट्टी रटरटते आहे, पुढे एकजण दोरी ताणून धरतो आहे आणि काका ते यंत्र पुढे ढकलताहेत, हे दृश्य आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे आणि कुणीच बघितलेलं नाही. काका स्वतःच म्हणतात, "आमच्या धंद्याचं हे असं आहे. पट्टी सरळ असली की कुणाला दिसत नाही. वाकडी झाली की अख्ख्या गावाला दिसते."

ओल्या पट्टीवर काचेचे बारीक मणी पेरतात, मोहरीहूनही बारीक. अंधारात गाडीचा दिवा पडला की पट्टी चमकते ती त्या मण्यांमुळे. हे मणी पेरण्याचं काम काका कधी दुसऱ्याला देत नसत. मूठभर जास्त नाही, चिमूटभर कमी नाही. "भाजीत मीठ घालताना हात असा चालला असता, तर माझं आयुष्य सुखात गेलं असतं," असं काकू म्हणतात. काकू बायकांचे कपडे शिवतात. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापडांची कपाटं आणि गिऱ्हाइकांसाठी पुरुषभर उंचीचा आरसा. त्या आरशासमोर उभं राहून गल्लीतल्या तीन पिढ्यांनी आपण जाड झालेलो नाही, शिलाईच आवळ झाली आहे, असं काकूंना ऐकवलेलं आहे.

निवृत्तीच्या दिवशी काकांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्या माणसाला आता वेळेवर कुठेही जायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पंधरा दिवस काका त्या घड्याळाकडे बघत बसले. सोळाव्या दिवशी त्यांच्या मुलीने, चिऊने, आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्यापुढे ठेवला आणि जगभरातल्या रस्त्यांचे फोटो असलेला नकाशा उघडून दिला. "बाबा, इथे बोट ठेवलं की तुम्ही त्या रस्त्यावर उभे. मग बाणावर दाबत पुढे पुढे चालायचं."

"फुकट?"

"फुकट."

काका चालायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. लोक स्वित्झर्लंडमध्ये जाऊन बर्फ बघतात. काकांनी स्वित्झर्लंडमध्ये झेब्रा पाहिला. तो पिवळा निघाला! पुढचे दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. "पिवळा, अगं! पांढरा नाहीच! आणि काय कोपरे काढलेत, सुरीने कापल्यासारखे!"

"अहो, त्या पट्ट्यांच्या मागे डोंगर आहे म्हणे."

"असेल. तो काय कुणी रंगवलेला आहे थोडाच."

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की वरचं नाव झाकलं तरी देश कळतो. मग त्यांनी एक लांबोडकी वही केली. दर देशाला एक पान. कुठे मधली पट्टी पिवळी, कुठे कडेची पिवळी, विजेचा खांब लाकडी की सिमेंटचा, कडेचा बुटका खुंट कसा, त्याला लाल ठिपका कुठे. पहिल्या पानावर मात्र देश नाही. तिथे लाल शाईने नियम लिहिलेला आहे: "आधी पट्टी. मग खांब. मग पाटी. गाड्या सगळ्यांत शेवटी." मी एकदा विचारलं, गाड्यांवर एवढा राग का? काका म्हणाले, "राग नाही हो. पण गाडी आज इथे, उद्या तिथे. तिच्या साक्षीवर माणसाने किती विसंबायचं? पट्टी जागची हलत नाही, त्यामुळे तिला खोटं बोलायचं कारण नसतं."

हे सगळं गमतीतच चाललं असतं. पण मग चिऊला एक पत्र आलं.

चिऊ ही काका-काकूंची एकुलती एक लेक. सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आठ वर्षं नर्स आहे. होती, म्हणायला हवं. पण ते पुढे. ज्या आजोबांनी तीन डॉक्टरांच्या अंगावर पाण्याचा पेला फेकला, ते चिऊच्या हातून मुकाट्याने औषध घेतात, अशी तिची ख्याती. तिला आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमातून नोकरीचं बोलावणं आलं. मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. समोर निळ्या कोटातल्या एक मुख्य नर्सबाई, मागे पांढरी भिंत. सोमवारपर्यंत होकार कळवायचा आणि इथल्या दवाखान्याला राजीनामा द्यायचा. इथली जागा सोडली की परत मिळणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सलूनवाल्याने ऐकलं मात्र, लगेच वस्तरा खाली ठेवला. "काका, जपून! आमच्या साडूच्या शेजाऱ्याला असंच बोलावलं होतं. फोटोत काचेचं हॉटेल. तिकडे उतरला तर हॉटेल नाहीच!"

"मग काय होतं?"

"देशच दुसरा निघाला!"

काकांनी त्या दिवशी अर्धीच दाढी करून घेतली आणि घरी येऊन नकाशात पत्ता शोधला. रस्ता सापडला. गावाबाहेरचा, एका जुन्या दगडी भिंतीला वळसा घालून डावीकडे वळणारा. पण पत्त्याच्या जागी इमारत नव्हती. शेत होतं. शेतात मेंढ्या होत्या.

"सात," काका म्हणाले. "मोजल्यात मी."

"बाबा, तो फोटो नऊ वर्षांपूर्वीचा आहे, खाली तारीख बघा. इमारत नवी आहे असं त्या म्हणाल्याच होत्या."

"आणि मुलाखतीत मागे काय होतं?"

"भिंत."

"पांढरी भिंत. पांढरी भिंत काय, कुठल्याही देशात पांढरीच असते."

चिऊने वाद घातला नाही. तिने त्या बाईंना सरळ लिहिलं: माझे वडील रस्ते रंगवायचे, त्यांना तुमच्या दारचा रस्ता बघायचा आहे, एक फोटो पाठवाल का? मग ती काकांना म्हणाली, "बाबा, फोटो आला की तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात आयर्लंड, तर मी जाते. नाही म्हणालात, तर नाही. आणखी कुणाला विचारणार नाही मी."

एवढा मोठा मान काकांना एकतीस वर्षांत नगरपालिकेने दिला नव्हता. ते दोन दिवस छाती काढून चालत होते. आता मागे वळून बघताना वाटतं, जरा जास्तच ताठ चालत होते. एखादं ओझं उचललेला माणूस चालतो तसे.

रविवारी सकाळी फोटो आला. काकूंच्या शिवणाच्या खोलीत आम्ही जमलो. मी, सलूनवाला आणि घरचे तिघे. सलूनवाल्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला कधीच कुणी बोलावत नाही. चिऊने मोबाइल काकांच्या हातात दिला. त्या बाईंनी हात लांब करून स्वतःच स्वतःचा फोटो काढला होता. हसरा चेहरा, निळा कोट, गळ्याला मफलर, मागे दगडी भिंतीला वळसा घालून गेलेला रस्ता आणि दूरवर दोन गाड्या. कुठे पाटी नाही, एक अक्षर नाही. काकांना जसा आवडतो तसा फोटो.

काकांनी भिंग लावलं. खोलीत फक्त काकूंच्या मशीनची खडखड. मग तीही थांबली.

"हा आयर्लंड नाही," काका म्हणाले.

"नाही?" चिऊ म्हणाली.

"गाड्या बघ. उजव्या बाजूने चालल्यात. आयर्लंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात. आणि नकाशात रस्ता डावीकडे वळतोय, इथे बघ, उजवीकडे. ती दगडी भिंतसुद्धा भलत्याच बाजूला. असलीच दुसरी कुठली तरी भिंत शोधून तिच्यापुढे उभी राहिलीय बाई. हा रस्ता तो नव्हेच."

"वाचली पोर!" सलूनवाल्याने मांडीवर थाप मारली. "मी म्हटलं नव्हतं? साडूचा शेजारी!"

"बाबा, नक्की?"

काकांनी मोबाइल तिच्याकडे परत दिला. "नक्की."

 चिऊ आरशाखालच्या स्टुलावर बसली आणि नकाराचं उत्तर लिहायला लागली. रडणं नाही, चिडणं नाही. आठ वर्षं लोकांच्या उशाशी बसून ती हे शिकली असावी. पण तिचा अंगठा दर शब्दाला थांबत होता. काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"फोटो इकडे दाखव गं," काकू म्हणाल्या. तोंडात दोन टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांचा आवाज नेहमीपेक्षा सौम्य आला.

"तुला काय कळणार त्यातलं?" काका म्हणाले.

"रस्त्यातलं नाही कळणार. कोट तर कळेल."

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. टाचण्या काढून उशीला टोचल्या. "अहो, हिने पुरुषाचा कोट का घातलाय?"

"आता कोटाचं काय मध्येच? थंडीचा देश. नवऱ्याचा घातला असेल."

"नवऱ्याच्या कोटाला छातीवर आकार द्यायला टक्स घातलेले असतात वाटतं? हा बाईच्याच मापाने बेतलाय. अगदी नीट बेतलाय. पण बटणं पुरुषी बाजूला आहेत. बायकांच्या कोटाला बटणं डावीकडे आणि काजं उजवीकडे. पस्तीस वर्षं काज-बटण करतेय मी. एवढा चांगला हात असलेला शिंपी बटणं उलटी लावील? शक्यच नाही."

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

"माझं म्हणणं एवढंच, की कोट उलटा आहे. आणि कोट उलटा म्हटल्यावर कोटातली बाई उलटी. बाई उलटी, तर..." काकू उठल्या. चिऊला त्यांनी स्टुलावरून उठवलं, मोबाइल मोठ्या आरशासमोर धरला आणि म्हणाल्या, "या. सगळे आरशात बघा. फोटोत नाही, आरशात."

आम्ही आरशात पाहिलं. निळ्या कोटाची बटणं डावीकडे गेली होती. भिंत पलीकडे जाऊन उभी होती. रस्ता तिला वळसा घालून शहाण्यासारखा डावीकडे वळत होता. आणि त्या दोन्ही गाड्या डाव्या बाजूने निमूट चालल्या होत्या. काकांनी धावत जाऊन कॉम्प्युटरवर नकाशातला फोटो लावला. तीच भिंत, भिंतीतला तोच एक निसटलेला दगड. फक्त सात मेंढ्यांच्या जागी इमारतीचा एक कोपरा.

"स्वतःचा फोटो स्वतः काढला, की काही मोबाइल तो आरशासारखा उलटाच ठेवतात," चिऊ हळूच म्हणाली. "माझ्याही लक्षात आलं नाही."

"म्हणजे आयर्लंडच?" सलूनवाला म्हणाला. त्याच्या सुरात थोडी निराशा होती. साडूचा शेजारी वाया गेला होता.

 चिऊ काकांकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही गाड्या आधी कधीपासून बघायला लागलात?"

काका धोतराच्या नव्हे, सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसायला लागले.

"आधी पट्टी, मग खांब, मग पाटी. गाड्या शेवटी. तुमचाच नियम आहे ना? फोटो उलटा असो की सुलटा, पट्टीचा रंग थोडाच बदलतो. काय होती पट्टी?"

"पिवळी," काका म्हणाले. "कडेला. तुटक."

"म्हणजे?"

"आयर्लंड." काका खुर्चीवर बसले. "पहिल्यांदा तीच दिसली मला, बाळ. भिंग लावायच्याही आधी. बघितली आणि म्हटलं, झालं, चालली ही. मग मी गाड्यांकडे बघितलं. मला हवं तेच त्या सांगत होत्या. एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो, पट्टी सोडू नका म्हणून. आणि आज मीच सोडली."

सलूनवाल्याला कधी नव्हे ती आपल्या दुकानाची आठवण झाली. मीही उठत होतो, तेवढ्यात काकूंनी मशीन सुरू केलं आणि खडखडाटातून म्हणाल्या, "बसा हो, चहा टाकते. आणि तुम्ही, ते नकाराचं पत्र पुसायला लावा आधी पोरीला. मनातलं काढलंत ना एकदाचं बाहेर? मग आता हसा जरा."

"तू मात्र कमाल केलीस हं," काका म्हणाले.

"त्यात कसली कमाल? तुमच्या पट्ट्या, माझी बटणं."

माणूस कळतो तो चुकल्यावर कसा वागतो त्यावरून. दुसऱ्या दिवशी मी सलूनमध्ये होतो. काका आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच उभ्याने जाहीर केलं, "ऐका रे, काल माझा देश चुकला. घरच्या मंडळींनी कोटाच्या बटणावरून बरोबर काढला." मग जो येईल त्याला, भाजीवालीला, पोस्टमनला, नगरपालिकेतल्या जुन्या साहेबांना, त्यांनी ही हकिकत सांगितली. तीन देश एका दमात ओळखल्यावरही त्यांचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता. प्रत्येक वेळी काकूंची बटणं थोडी मोठी होत गेली. महिन्याभरात ती बशीएवढी झाली असावीत. घरी गेल्यावर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईच्या नियमाखाली, आणखी एक ओळ घातली: "ज्याला विचारलंय त्याचं मन सगळ्यांत शेवटी." आणि त्याखाली: "संशय आल्यास हिला दाखवणे."

चिऊने होकार कळवला. निघायच्या दिवशी काकूंनी तिला एक निळा कोट शिवून दिला, बटणं डावीकडे. काकांनी कागदाच्या पुडीत चिमूटभर काचेचे मणी बांधून दिले. "हे काय करू बाबा?" "काही नको करू. खिशात असू दे. तिथल्या लोकांना दाखव, म्हणावं आमच्याकडे एवढे बारीक वापरतात." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा काका रस्त्याच्या कडेलाच उभे होते. स्वतः मारलेल्या पट्टीच्या अलीकडे, एक बोटभरही पुढे नाही.

याला आता चार महिने झाले. गेल्या आठवड्यात मी केस कापायला गेलो तेव्हा काका खुर्चीत होते, हनुवटीपर्यंत फेसात. सलूनवाल्याने मोबाइल पुढे धरला. या वेळी त्याचे डोळे लबाड होते. काकूंनीच तो फोटो सकाळी त्याला पाठवला होता, हे नंतर कळलं.

"ओळखा काका."

फोटोत दुसरं काही नव्हतं. ओला काळा रस्ता, कडेला पिवळी तुटक पट्टी आणि पट्टीच्या अलीकडे, एक बोटभरही पुढे न गेलेले, नर्सच्या पांढऱ्या बुटांचे दोन पाय.

काकांनी भिंग मागितलं नाही. वस्तरा हाताने बाजूला केला आणि मोबाइलवर वाकले.

"मणी जरा कमी पेरलेत," ते म्हणाले.

"ते राहू द्या हो. देश सांगा, देश!"

काकांनी मान ताठ केली, तोंडावरचा फेस सांभाळत बाकावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले,

"आमच्या चिऊचा."